शेवटचा फर्मा आहे ना? सांगली-साताऱ्यात वर्षभर रहस्यकथा वाचण्याच्या सोयी

कौटुंबिक कादंबरीची शेवटची चार पानं गेलेली असली, तरी कोण कुणाशी कसं वागलं हे वाचकाला तोवर कळलेलं असतं. रहस्यकथेची शेवटची चार पानं गेली, तर पुस्तकच गेलं. म्हणून सांगलीत किंवा साताऱ्यात बसून वर्षभर निव्वळ मजेखातर रहस्य, गूढ, भय आणि विज्ञानकथा वाचायच्या ठरवल्या, तर कोणता लेखक हा प्रश्न दुसरा. प्रत कुठून मिळते आणि ती धड असते का, हा पहिला. या निकषावर इथल्या सोयी तोलल्या तर वाचनालयाची वर्गणी सगळ्यांत वर लागते आणि दिवाळी अंकांची योजना तिच्या खालोखाल. पुनर्मुद्रित संग्रह विकत घेणं परवडतं, पण निवडून. ई-रीडर आणि ऑडिओ ठरावीक कामापुरते उपयोगी आहेत. रद्दीतली पॉकेटबुकं मात्र ज्याला धूळ आणि शिंका चालतात त्यानेच घ्यावीत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले असतात. रहस्यकथा वाचणाऱ्याने वर्ग जरूर विचारावा, पण त्याआधी वाचनालयाचं वय विचारावं. साठ-सत्तरच्या दशकात जोरात चाललेल्या वाचनालयाकडे पॉकेटबुकांचा साठा असतो, कारण त्या वेळी सभासद तीच मागत. अलीकडे निघालेल्या ठिकाणी चरित्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि गाजलेले अनुवाद मिळतील. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला काळापहाड मिळायचा नाही.

वर्गणी भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांसाठी, उशिराचा दंड कसा, आणि कपाटं मुक्तद्वार आहेत की खिडकीवर चिठ्ठी द्यायची. चौथ्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. मुक्तद्वार असेल तर पुस्तक हातात घेऊन तपासता येतं. खिडकी असेल तर पाच-सहा नावांची चिठ्ठी द्यावी लागते आणि जे मिळेल ते घ्यावं लागतं. तिथे निदान काउंटरवर उभं राहून पानं चाळण्याची मुभा आहे का ते पाहावं. अनामत परत मिळते, पण पावती दाखवली तर. ती पावती पुस्तकात खूण म्हणून ठेवू नये, पुस्तकाबरोबर परत जाते.

हिशेब साधा आहे. शंभर-सव्वाशे पानांचं पॉकेटबुक दीड-दोन तासांत संपतं, अडीचशे-तीनशे पानांच्या कादंबरीला पाच-सहा तास लागतात. आठवड्याला दोन पुस्तकं बदलली तर वर्षाला शंभर होतात. तेवढी विकत घेऊन कुणी वाचणार नाही, आणि खरं तर तेवढी घरात ठेवण्याच्या लायकीची नसतातही. एकदा वाचून सोडून द्यायच्या पुस्तकांसाठी वर्गणी हीच योग्य सोय.

शोधण्याची एक खोच आहे. दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. त्यात सांगलीचे खांडेकर आणि अर्नाळकरांचा झुंजार एकाच कपाटात येतात, रहस्यकथेला वेगळा खण असेलच असं नाही. नायकाच्या नावाने विचारलं तर नोंदवहीत काही सापडत नाही, कारण नोंद लेखक आणि शीर्षकाची असते. संगणकावर यादी असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ गृहीत धरावा: बाबूराव आणि बाबुराव, अर्नाळकर आणि आर्नाळकर अशा दोन-दोन नोंदी सहज असतात. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा ‘नाळकर’, ‘रवळकर’, ‘धारप’ असा तुकडा टाकला तर जास्त पुस्तकं वर येतात. सुहास शिरवळकरांसाठी ‘सु. शि.’ हेही टाकून पाहावं.

आता प्रत तपासणं. एक मिनिटाचं काम आहे, पण न चुकता करायचं. आधी शेवटचं पान उघडायचं, वाचायचं नाही. खाली ‘समाप्त’ किंवा निदान एखादी रेघ, नक्षी आहे का एवढंच पाहायचं. वाक्य अर्धं तुटलं असेल तर पुस्तक परत. मग फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेले पानांचे जुडगे. बहुतेक पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यांत छापली आणि शिवली जातात, त्यामुळे पानं गळाली तर एकदोन गळत नाहीत, सोळाच्या हिशेबाने गळतात. १६, ३२, ४८, ६४ या पानांनंतर पुढचाच आकडा येतो का ते बघायचं. कधी एकच फर्मा दोनदा शिवलेला असतो आणि त्याच्या जागचा दुसरा गायब. कधी फर्मा उलटा बसलेला असतो. उलटा चालतो, पुस्तक फिरवून वाचता येतं. गायब चालत नाही.

तिसरी तपासणी बांधणीची. जुनी पॉकेटबुकं तारेने टाचलेली असत. पावसाळी हवेत तार गंजते, कागद तिच्याभोवती तपकिरी होऊन फाटतो, आणि मग वाचनालय ते पुस्तक पुठ्ठ्याची बांधणी करून घेतं. बाइंडर बाजूने टोचून शिवतो, म्हणजे आतली कोरी कड शिलाईत जाते आणि प्रत्येक ओळीची एकदोन अक्षरं गडप होतात. पुस्तक मधोमध उघडून दोन्ही पानांच्या आतल्या कडेची अक्षरं पूर्ण दिसतात का ते पाहावं. दिसत नसतील तर वाचताना पुस्तक ताणावं लागतं, ताणलं की शिलाई उसवते, आणि दंड शेवटच्या वाचकाच्या माथी. जोडलेल्या पानांवर सेलोटेप असेल तर तिचा गोंद कालांतराने पिवळा होऊन खालची छपाई झाकोळतो. शेवटच्या प्रकरणात अशी पट्टी असेल तर ती प्रत टाळलेली बरी.

चौथी गोष्ट पेन्सिल. जुन्या वाचकांपैकी काहींना पहिल्या दहा पानांत एखाद्या पात्राच्या नावाखाली रेघ ओढून ‘हाच खुनी’ लिहायची भारी हौस. पाहिलं की खोडरबराने खोडण्यापेक्षा दुसरं पुस्तक घ्यावं, कारण वाचून झालेलंच असतं. (यातल्या निम्म्या नोंदी चुकीच्या निघतात, एवढाच दिलासा.) कुठलाही दोष दिसला तर पुस्तक घेतानाच पहिल्या पानावर तारखेसह नोंद करून घ्यावी, ‘पान ८१ ते ९६ नाहीत’ अशी. तीच नोंद पुढच्या सभासदालाही उपयोगी पडते.

सांगलीत प्रत तपासताना आणखी एक बाब येते, ती कृष्णेची. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड पाण्यात होते, आणि सांगली जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्यामुळे या भागातल्या जुन्या साठ्यात खंड आहेत. मालिकेतलं तिसरं आणि सातवं मिळतं, मधली नाहीत, आणि ती कुणी परत आणायची विसरला असंच समजायचं कारण नाही. साताऱ्यात हा त्रास नाही. तिथे पावसाळ्यातली ओल आणि कसर एवढंच.

पुराचं पाणी लागलेली पुस्तकं रद्दीच्या दुकानात आणि फुटपाथवर अजून दिसतात. ती ओळखता येतात: कडेला गाळाची करडी रेघ, पानं लाटांसारखी, आणि पुस्तक उघडताच येणारा कुबट वास. एक उलटी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुळगुळीत आर्ट पेपरची महागडी पुस्तकं पाण्यात सापडली की पानांवरचा लेप विरघळून चिकटतो आणि सगळा ठोकळा होतो. न्यूजप्रिंटवर छापलेलं स्वस्त पॉकेटबुक फुगतं, वाकडं होतं, पण पानं सुटी राहतात. म्हणून भिजून वाळलेल्या ढिगात वाचण्याजोगं काही सापडलं तर ते बहुधा पॉकेटबुकच असतं. मुखपृष्ठ मात्र गेलेलं असतं, कारण ते लेपाच्या कागदाचं.

असं पुस्तक घ्यायचं झालं तर काळे-हिरवे ठिपके कोरडे आहेत की मऊ ते पाहावं. मऊ, बोटाला लागणारे म्हणजे बुरशी जिवंत आहे. त्या पुस्तकाचा घरातल्या कपाटात शिरकाव होऊ देऊ नये. कोरडी असेल तर तोंडाला मास्क लावून गच्चीत ब्रशने झटकावी. वास घालवायला झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून वर जाळीवर पुस्तक आठवडाभर ठेवतात. वास कमी होतो, जात नाही. उन्हात वाळवू नये, आधीच पिवळा झालेला कागद आणखी कडक होऊन दुमडीवर तुटतो. पुस्तक नुकतंच भिजलं असेल तर दर दहा-पंधरा पानांमागे कोरा, न छापलेला कागद घालून पंख्याखाली ठेवावं, आणि कागद बदलत राहावं. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते.

एवढी खटपट कुणासाठी? बाबूराव अर्नाळकरांसाठी एकवेळ ठीक आहे. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते; त्यातल्या थोड्याच पुन्हा छापल्या गेल्या, बाकीच्या जुन्या प्रतींतच आहेत. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड हे तीन प्रकार वेगळे आहेत हे आधी समजून घ्यावं. धनंजय गुप्तहेर, झुंजार कायद्याबाहेर राहून न्याय करणारा, काळापहाडची जात आणखी निराळी. सुरुवात धनंजयपासून करावी, कारण तिथे निदान तपासाचा धागा असतो. पण सलग वाचू नयेत. वेषांतर, भुयार, शेवटच्या क्षणी आलेली मदत हे साचे तिसऱ्या पुस्तकात उघडे पडतात. आठवड्याला एक, मध्ये दुसरा लेखक, असं ठेवलं तर वर्षभर गोडी टिकते. आणि या पुस्तकांकडून वाचकाला सगळे दुवे आधी देण्याची अपेक्षा ठेवू नये. ती पळापळीची पुस्तकं आहेत, कोडी नव्हेत.

गुरुनाथ नाईकांचंही लेखन त्याच संख्येचं. कॅप्टन दीप आणि गोलंदाज ही नावं विचारावीत. हेरगिरी आणि लष्करी मोहिमा आवडत असतील तर ठीक, नाहीतर दोन वाचून थांबावं.

कोडं हवं असेल तर सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. त्यांचेच दारा बुलंद आणि फिरोज इराणी मारधाडीसाठी, मंदार पटवर्धन या दोन्हींच्या मधला. अमर विश्वासच्या पुस्तकांचा जीव उलटतपासणीत आहे, आणि संवाद आजही शिळे वाटत नाहीत. कोर्ट मात्र परदेशी कादंबऱ्यांतल्या वळणाचं आहे. आपल्याकडच्या न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, साक्षीदार भर कोर्टात कोसळून गुन्हा कबूल करत नाही. ते माफ. ही पुस्तकं पुनर्मुद्रणात मिळतात, त्यामुळे यांच्यासाठी रद्दी धुंडाळण्याची गरज नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे दोघं एकाच कपाटात असले तरी एकाच दमात वाचण्याचे नाहीत. धारपांचं भय बाहेरून येतं. घर, तळघर, एखादी वस्तू यांतून ते शिरतं, आणि समर्थांच्या मालिकेत त्याच्याशी सामना करणारा माणूसही आहे. मतकरींच्या गूढकथेत भय घरातल्याच माणसाच्या मनात असतं आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं. धारपांची कादंबरी दोन-तीन बैठकांत वाचावी. मतकरींची कथा एका रात्री एकच. संग्रह सलग वाचला तर चौथ्या कथेपासून वाचक शेवटची कलाटणी शोधायला लागतो आणि मजा जाते. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते घ्यावेत. विज्ञानकथेची हौस असेल तर कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर वाचनालयात हमखास मिळतात, आणि त्यांच्या प्रती बहुधा धड असतात.

शेरलॉक होम्स मराठीत घेताना वेगळी पारख लागते. कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले, आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, म्हणजे आता कुणीही अनुवाद छापू शकतो. त्यामुळे बाजारात चांगल्या अनुवादांबरोबर घाईने कापलेलेही पुष्कळ. मूळ संख्या पक्की आहे: ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या. १८९२च्या पहिल्या संग्रहात बारा कथा आहेत. मराठी पुस्तक ‘संपूर्ण पहिला संग्रह’ म्हणत असेल आणि अनुक्रमणिकेत नऊच नावं असतील तर कात्री लागली आहे. भालबा केळकरांची जुनी भाषांतरं वाचनालयात मिळाली तर ती आधी उचलावीत. अगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये गेल्या, त्यांचे हक्क आपल्याकडे २०३६ अखेरपर्यंत आहेत. त्यामुळे त्यांच्या मराठी पुस्तकावर परवानगीची ओळ असली पाहिजे. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, त्यामुळे मोबाइलवर फिरणाऱ्या त्यांच्या स्कॅन केलेल्या फायली फुकट असल्या तरी हक्काच्या नव्हेत, आणि त्यांतही शेवटची पानं नसण्याची खोड आहेच.

वाचताना लेखक कुठे घसरतो ते पकडण्यात वेगळी मजा आहे, आणि त्यासाठी तीन-चार गोष्टी माहीत असल्या की पुरे. सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्व्हर हे जुन्या पॉकेटबुकांचं आवडतं हत्यार. पण रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात आणि नळीत फट असते, आवाज तिथून बाहेर पडतो, त्यामुळे सायलेन्सरचा फारसा उपयोग होत नाही. पिस्तुलाला होतो. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो हेही खोटं, त्याला काही मिनिटं लागतात आणि तो तोवर झटापट करतो. आणि नव्या पुस्तकांसाठी: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं आणि फसवणुकीचं ४२० चं ३१८. त्या तारखेनंतर घडलेल्या खुनात इन्स्पेक्टर ‘तीनशे दोन लावतो’ म्हणत असेल तर लेखकाने अभ्यास केलेला नाही. नव्या संहितेत ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांचं कलम आहे.

पुनर्मुद्रित संग्रह विकत घेताना एक फायदा आणि एक तोटा. दोन-तीन कादंबऱ्या एका जिल्दीत असल्या की उजव्या हाताखाली किती पानं उरलीत यावरून शेवट जवळ आल्याचं कळत नाही, धक्का खरा बसतो. तोटा असा की घाईने पुन्हा टाइप केलेल्या मजकुरात नावांच्या चुका राहतात. रहस्यकथेत एका पात्राचं नाव दुसऱ्याच्या तोंडी गेलं तर वाचक तो दुवा समजून बसतो. दुकानात उभ्या उभ्या मधलं एक पान वाचावं. एका पानात तीन चुका दिसल्या तर ठेवून द्यावं.

दिवाळी अंकांची योजना बहुतेक वाचनालयांत असते: ठरावीक रक्कम एकदाच भरायची आणि दिवाळीपासून पुढे काही महिने अंक बदलून नेत राहायचं. रक्कम आणि मुदत वाचनालयागणिक वेगळी. रहस्य आणि गूढकथांसाठी ‘धनंजय’, ‘नवल’, ‘चंद्रकांत’ ही नावं सांगून ठेवावीत. हे अंक पहिल्या पंधरवड्यात फिरतीवर जातात. तेव्हा मिळाले नाहीत तर जानेवारीपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण. पण फार उशीर केला तर दुसरंच संकट. कुणीतरी राशिभविष्याचं पान किंवा पाककृती कापून घेतलेली असते, आणि तिच्या पाठीमागे नेमका कथेचा शेवट असतो. म्हणून अंक घेताना आधी राशिभविष्य आहे का ते बघावं. ‘उर्वरित मजकूर पान अमुकवर’ असं असेल तिथे बोट घालून तेही पान आहे याची खात्री करावी.

ई-रीडरवर मराठी चांगलं वाचता येतं, पण पुस्तक युनिकोडमध्ये असेल तर. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून अधिकृतपणे मिळतात. जोडाक्षरं नीट येतात, अक्षर मोठं करता येतं. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल बदलून टाकली तर मात्र सगळी चिन्हांची खिचडी होते. स्कॅन केलेली डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढी पानं सहा इंची पडद्यावर बारीक दिसतात, यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचावं लागतं. रहस्यकथा वाचताना खालची टक्केवारी बंद करावी. ६० टक्क्यांवर खुनी पकडला गेला की तो खुनी नव्हे हे यंत्रच सांगून टाकतं.

ऐकण्यासाठी स्टोरीटेल २०१७ पासून आपल्याकडे आहे आणि त्यावर मराठीचा साठा मोठा. सांगली ते सातारा एसटीच्या साधारण तीन तासांत भयकथा छान बसते. कान भरलेले असले की खिडकीबाहेरचा उजेडही फसवतो. दुव्यांवर चालणारी रहस्यकथा ऐकू नये. वेळापत्रक, नावं, कोण कुठे उभं होतं हे एकदा निसटलं की मागे जाऊन शोधणं कटकटीचं, आणि वेग वाढवून ऐकलं तर निसटतंच.

राहिलं भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती, घराघरांत विषयवार. वाचायला पैसे नाहीत, पण पुस्तक तिथेच बसून वाचायचं. वर्षाच्या वाचनाची गरज त्याने भागत नाही. दोन तासांत संपणारं पुस्तक निवडलं तर दिवस सत्कारणी लागतो. तीनशे पानांची कादंबरी तिथे दुपारी दोन वाजता उघडू नये.